ताई, आईला सांगू नको हं!

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीच्या पेपरात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं! पण हा विषय ज्या घरांमधला आहे तिथे तो इंग्रजीत बोलला जात नाही. खरं म्हणजे बोललाच जात नाही. म्हणून मराठीत लिहायचं ठरवलं.

दिवाळीच्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली फडके रोडवर असते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. (ठाणेकर म्हणतील, आमच्या तलावपाळीची गर्दी बघा. असो!) गेल्या दिवाळीत माझी मामेबहीण पहिल्यांदा मामीची साडी नेसून तिथे आली. नववीत आहे. कमीत कमी साठ फोटो काढले आम्ही. घरी येऊन फराळाला बसलो, तर ही एका हाताने चकली खातेय आणि दुसऱ्या हाताने एकेक फोटो डिलीट करतेय. "यात मी काळी दिसते." "यात हात जाड आलेत." साठातला एक उरला. तोही फिल्टर लावलेला! नाक बारीक, रंग दोन शेड उजळ, आणि हनुवटीवरचा तीळ गायब. तो तीळ आमच्या आजीला होता, मामाला आहे. फोटोतली मुलगी आमच्या घरातली वाटतच नव्हती.

मी काय केलं? जे सगळे मोठे करतात तेच. म्हटलं, "किती फोन बघतेस गं, ठेव तो बाजूला!" झालं, विषय संपला.

त्याच रात्री तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या क्लासमधल्या एका मुलाने तिचा फोटो ग्रुपवर टाकून तिला दहापैकी मार्क दिले होते. बाकीच्यांनीही दिले. खाली काय काय लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही. तीन आठवडे ही पोरगी रोज त्याच क्लासला जात होती, त्याच बाकांसमोर बसत होती आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. सांगून झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "ताई, आईला सांगू नको हं! ती फोन काढून घेईल आणि क्लास बंद करेल."

मित्रमैत्रिणींनो, या एका वाक्यासाठी हा लेख आहे. चूक दुसऱ्याची, पण सांगितलं तर शिक्षा आपल्याला, हे गणित चौदाव्या वर्षी तिला पाठ होतं. आणि ते चुकीचं होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकले नाही!

रंगाचं वेड काही नवीन नाही. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये, म्हणजे आपल्या आयांच्या लहानपणी. गोरी झाली की नोकरी, गोरी झाली की नवरा, अशा जाहिराती वर्षानुवर्षं चालल्या. महिला संघटनांनी तक्रारी केल्यावर त्यातल्या काही २००३ मध्ये टीव्हीवरून मागे घ्याव्या लागल्या. नावातलं 'फेअर' जायला मात्र २०२० उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! त्याच वर्षी एका मोठ्या विवाहाच्या वेबसाइटने रंगावरून स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. घरातली "उन्हात जाऊ नको, काळी होशील" ही सोय अजून चालू आहे.

फरक एवढाच, की आयांच्या वेळी जाहिरात अर्ध्या मिनिटात संपायची आणि त्यातली मुलगी परकी असायची. आता जाहिरात आपल्याच चेहऱ्याची असते, खिशात असते, आणि खाली मार्कही मिळतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या होत्या. पहिली अमेरिकेतली. फेसबुक कंपनीचे स्वतःचे अंतर्गत अहवाल फुटले. त्यात लिहिलं होतं, की ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यातल्या ३२ टक्के मुलींनी सांगितलं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं. दुसरी बातमी आपल्या डोंबिवलीची. पंधरा वर्षांच्या एका मुलीने मानपाडा पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ओळखीच्या मुलाने व्हिडिओ काढला होता आणि त्याच्या धाकावर जानेवारीपासून तिच्यावर अत्याचार चालू होते. आरोपींची संख्या तिसाच्या वर गेली. आठ महिने! त्यावर मी जास्त लिहिणार नाही, तिला तिचं आयुष्य जगू दे. पण मला तेव्हापासून एकच प्रश्न पडतो. व्हिडिओ फक्त एक फाइल असते. तिच्यात एवढी ताकद कुठून येते? ती ताकद आपण देतो. "लोक काय म्हणतील" हे आपण मुलीला विचारतो, व्हिडिओ काढणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आता उपाय. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी केली. चांगलं की वाईट, यावर हॉस्टेलच्या मेसमध्ये तासभर वाद होऊ शकतो. पण बंदीने माझ्या बहिणीचा फोटो थांबला नसता, कारण तो टाकणारा तिच्या बाकामागे बसत होता.

मला वाटतं, आपण इंजिनियरिंगवाले इथे खरंच कामाचे आहोत. घरी गेल्यावर धाकट्या बहिणीला लेक्चर देऊ नका, फिल्टर कसा चालतो ते दाखवा. चेहऱ्यावरचे बिंदू पकडून नाक कसं बारीक करतात, त्वचेचा पोत कसा पुसतात, हे मी तिला लॅपटॉपवर दाखवलं. स्वतःचा तीळ गायब होताना आणि परत येताना बघून ती हसायला लागली. कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलो त्यावरून पुढचं ठरतं, हेही सांगा. "तू कुरूप आहेस" असं आपल्याला कुणी सांगत नसून आपली नजर विकली जातेय, हे त्यांना कळतं. आपल्यापेक्षा लवकर कळतं!

आणि गंभीर काही घडलं तर? १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुली-मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या खाजगी फोटोंसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती फोटो मागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा हॅश काढते आणि तो हॅश सामील झालेल्या कंपन्यांकडे जातो. सेकंड इयरला हॅशिंग शिकताना याचा उपयोग कुणी सांगितला असता तर!

आता जरा कडू. माझ्या बहिणीला मार्क देणारी मुलं नववीतली होती. आपल्या हॉस्टेलच्या ग्रुप्सवर फ्रेशर्स पार्टीच्या फोटोंखाली काय चालतं? मुलं मार्क देतात, आणि आम्ही मुलीही "हिने काय घातलंय बघ" म्हणून पुढे ढकलतो. मीही ढकललंय. मग नववीतल्या पोरांना कुठल्या तोंडाने बोलणार? सरांना आणि मॅडमना विनंती, फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये लायब्ररीच्या नियमांबरोबर यावरही एक तास ठेवा. मुलामुलींना एकत्र बसवून.

शेवटी मामीला सांगितलंच, बहिणीला विचारून, तिच्यासमोर. मामी आधी ओरडली. मग रडली. मग क्लासच्या सरांना फोन केला. फोटो निघाला, त्या मुलाचे आईवडील येऊन गेले. बहिणीचा फोन तिच्याकडेच आहे आणि क्लासही चालू आहे. मामीने तिला एकच सांगितलं, "काहीही झालं तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही."

हे वाक्य प्रत्येक घरात, काही घडायच्या आधी, कुणीतरी बोलायला हवं. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा बोलून बघा. सुरुवात आपल्यापासून!