बाकावरचा ठेका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे. पुण्याच्या नातवाला ड्रमसेट हवाय. सूनबाईंचा फोन आला, "बाबा, दहावीचं वर्ष आहे. तुम्ही शिक्षक होतात, तुम्हीच समजवा त्याला." मी समजवायला गेलो, तर तो म्हणाला, "आजोबा, आधी त्रिलोक गुर्टू ऐका, मग बोला."

आमच्या पाटोद्यात रेंज येते-जाते. तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं, पण ऐकलं.

गुर्टू म्हटल्यावर मला ठुमरी गाणाऱ्या शोभाताईच आठवल्या. हा त्यांचाच मुलगा! शोभाताई बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई नर्तकी आणि गायिका. त्रिलोक १९५१ साली मुंबईत जन्मला, लहानपणी तबला शिकला आणि १९७० च्या दशकात ड्रमसेटकडे वळला. तिकडचं संगीत शिकताना एक गंमत झाली. रेकॉर्डिंगमध्ये वेगवेगळं वाजवलेलं एकावर एक चढवतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे कुणी सहसा एकट्यानं वाजवणार नाही, ते सगळं तो एकटाच वाजवायला शिकला. अज्ञानाचा असा फायदा मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही!

पुढे तो युरोपात गेला. 'एम्ब्रियो' या जर्मन बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डवर तो वाजवतो आणि आई गाते. १९८४ साली कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले, तेव्हा 'ऑरेगन' या अमेरिकन बँडमध्ये त्यांच्या जागी तो वाजवू लागला. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या साथीला होता. बसतो कसा, तर स्टूल नाही. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून. शेजारी पाण्याची बादली. झांजा वाजवता वाजवता पाण्यात बुडवतो आणि त्यांचा नाद लहरत जातो.

हे बघताना मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला. त्याचे वडील लग्नात, पोळ्याला हलगी वाजवायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाडासह ऊसतोडीला. पोराची बोटं बाकावर सतत चालू. मी कविता शिकवत असलो की नेमका त्या कवितेच्या लयीत ठेका धरायचा. छंद, वृत्त फळ्यावर शिकवणारा मी. ते त्याच्या बोटांत आहे हे मला कळलं नाही. मी पट्टी मारली, बोटांवरच. एकदा नाही, अनेकदा. पुढच्या वर्षी तो ऊसतोडीला गेला तो शाळेत परत आलाच नाही. माझ्या पट्टीमुळे गेला असं नाही, पण त्याला थांबवण्यासारखं मी काही केलं नाही, हे खरं.

हेच एखाद्या बुवांच्या, पखवाज वाजवणाऱ्या घरातल्या मुलानं केलं असतं, तर मी मारलं असतं का? नाही. "अंगात कला आहे हो" म्हणून कौतुक केलं असतं. स्वतःला हा प्रश्न विचारायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

माझं मत इतकंच आहे. ठेका धरणं हा चाळा नाही, ती विद्या आहे. हलगीवर असो, तबल्यावर असो की ड्रमवर. आणि ती कुणाच्या हातात आहे हे बघून आपण तिला कला किंवा खोडी म्हणतो, हा दोष आपला आहे. त्रिलोकच्या घरी आई गाणारी, आजी गाणारी; तिथे ताल समजणारे कान होते. माझ्या वर्गात तेवढाच एक कान हवा होता, तो माझा असायला हवा होता.

सूनबाईंना सांगितलं, ड्रमसेट परीक्षेनंतर घ्या, पण नाही म्हणू नका. निम्मे पैसे माझ्या पेन्शनमधून. नातवाला अट घातली, आधी तबल्याच्या सरांकडे जायचं. तो हो म्हणाला. फोनवर बोलतानाही त्याची बोटं टेबलावर चालूच होती. ऐकू येत होतं मला.