माहेरी आलेली लेक

बडोद्याला समुद्र नाही, तरी समुद्र आम्हां बडोदेकरांना अगदीच परका नाही. ओखामंडळ आणि कोडिनार हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दोन्ही मुलूख संस्थानी काळात गायकवाड सरकारच्या अमलाखाली होते. याच किनाऱ्यावर दरवर्षी एक थोर पाहुणी येते. तिचे नाव व्हेल शार्क. हा जगातील सर्वांत मोठा मासा. लांबी ४० फुटांपर्यंत, अंगभर पांढरे ठिपके, आणि स्वभाव मात्र गाईसारखा गरीब. उष्ण समुद्रांतून फिरावे आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खावेत, एवढाच तिचा उद्योग.

वेरावळकडील मच्छीमार तिला ‘बॅरल’ म्हणत, कारण गळाला पिंपे बांधून तिची शिकार होई. तिच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडण्यास लागे. पुढे मांसही परदेशी जाऊ लागले आणि शेकडो मासे मारले गेले. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले. परंतु भर समुद्रात कायद्याचे कलम कोण वाचणार? २००४ मध्ये संरक्षणाची मोहीम निघाली, तेव्हा कथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना समजाविले, की ही तर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. तिचे नाव पडले ‘व्हाली’, म्हणजे लाडकी.

लेकीवर शस्त्र कोण उचलील? व्हाली जाळ्यात अडकली, की मच्छीमार स्वतःचे जाळे कापून तिला मोकळी करू लागले. जाळे म्हणजे त्यांची रोजची भाकरी. सरकार भरपाई देते, तरी बुडालेला दिवस परत येत नाही. असे असूनही आजवर ९०० हून अधिक मासे सुखरूप सुटले आहेत.

माहेरपण म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून येथे नांदावयास आलेल्या आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. म्हणूनच एक विनंती. आपली विश्वामित्री ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात जाते. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पुलावरून टाकताना, ती पुढे कोठे जाईल, याचा विचार आपण करतो काय? पाणी गाळून जगणाऱ्या जिवाला अन्न कोणते आणि प्लास्टिक कोणते, हे कळत नाही. गरीब मच्छीमार लेकीसाठी आपले जाळे कापतो. आपल्याला रिकामी पिशवी घरी परत आणणे जड वाटू नये.