पंख्याशी खेळ नको

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की लहान मोटारीकडून जादा उंची काढण्याचे उद्योग सुरू होतात. मोठा पंखा बसवला तर पाणी चढते खरे. पण मोटारीवरचा भार त्याहून झपाट्याने वाढतो, वायंडिंग जळते आणि उभे पीक वाळते. त्यापेक्षा सारखे दोन पंप घ्या, पहिल्याची डिलिव्हरी दुसऱ्याच्या सक्शनला जोडा. हेड दुप्पट होते, पाणी मात्र एका पंपाइतकेच मिळते. हवेचा दाब पाणी जेमतेम १० मीटर चढवतो. म्हणून पंप पाण्यापासून ६-७ मीटरच्या आतच बसवावा. ग्रामपंचायतींनीही नळयोजनेसाठी नुसती अश्वशक्ती पाहू नये. आधी उंची मोजावी, मगच पंप घ्यावा.