रोग माणसाचा, शिक्षा कोंबडीला

साथीच्या काळात पशुपालकाचे नुकसान दोन प्रकारे होते : जनावरे आजारी पडल्यामुळे, आणि ती आजारी असल्याचा समज पसरल्यामुळे. पहिल्या नुकसानीसाठी लस, विलगीकरण, भरपाई अशी काही व्यवस्था देशात उभी राहिली आहे. दुसऱ्या नुकसानीकडे मात्र दैवाचा फेरा म्हणून पाहिले जाते. कोविड-१९ च्या साथीने ही उणीव उघडी पाडली.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदवला गेला. जानेवारी २००८ मध्ये हाच रोग पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यापासून पसरत कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीकाठी असलेल्या बजबज परिसरापर्यंत पोहोचला. नवापूरला फटका बसला तो मोठ्या पोल्ट्री व्यवसायाला; बंगालमध्ये तो मुख्यतः परसातील कोंबड्या-बदके पाळणाऱ्या गरीब कुटुंबांना बसला. दोन्ही राज्यांत लाखो पक्षी नष्ट करावे लागले. निर्णय कठोर होता. पण त्यामागे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल होता. कोंबडी खरोखरच आजारी होती.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चित्र नेमके उलटे होते. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा मोबाइलवरून गावोगाव पोहोचली. मागणी कोसळली, दर उत्पादन खर्चाच्याही खाली गेले. पालघर जिल्ह्यात लाखाहून अधिक पिल्ले नष्ट करण्याची वेळ आली. हैदराबादेत मंत्र्यांना व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवावे लागले. कोंबड्यांमध्ये या रोगाचा मागमूस नसताना पोल्ट्री व्यावसायिक कर्जात बुडाला.

अफवेला बळ मिळाले ते अर्धवट माहितीमुळे. कोंबडीला कोरोना गटातील विषाणूचा संसर्ग होतो, हे खरेच आहे. कोंबड्यांमधील संसर्गजन्य ब्राँकायटिस हा त्याच गटातील विषाणूचा रोग. वासरांच्या हगवणीस कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूंतही गाईचा एक कोरोना विषाणू आहे. परंतु आडनाव एक म्हणून घर एक होत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूला चिकटता येईल असे ग्राही प्रथिन असल्याशिवाय त्याला आत शिरकाव मिळत नाही. कोविडच्या विषाणूसाठी हे प्रथिन म्हणजे ‘एसीई-२’. त्याची रचना प्राण्याप्राण्यांत वेगळी असते. म्हणून कुलूप एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, अशी गत होते.

हे केवळ अनुमान नाही. चीनमधील हार्बिन पशुवैद्यक संशोधन संस्थेने २०२० मध्येच कोंबड्या, बदके व डुकरे यांच्या शरीरात हा विषाणू मुद्दाम सोडून पाहिला. तो त्यांच्यात वाढला नाही. मांजर व फेरेट यांच्यात मात्र तो सहज वाढला. जर्मनीतील फ्रीडरिख लोफ्लर संस्थेने सहा गुरांना संसर्ग देऊन पाहिले. त्यांपैकी दोघांतच विषाणूची किंचित वाढ आढळली आणि सोबत बांधलेल्या गुरांना लागण झाली नाही.

याचा अर्थ प्राणी या साथीपासून अलिप्त राहिले, असा नव्हे. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. पाठोपाठ चेन्नईजवळच्या वंडलूरचे सिंह आजारी पडले. नेदरलँड्समध्ये फरसाठी पाळलेल्या मिंक प्राण्यांना माणसांकडून संसर्ग झाला आणि त्यांच्याकडून तो पुन्हा माणसांत आला. २०२० च्या अखेरीस डेन्मार्कने दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांत हा विषाणू पसरला. या बहुतेक प्रसंगांत संसर्गाचा प्रवास आधी माणसाकडून प्राण्याकडे झाला, ही बाब ‘जनावरे रोग पसरवतात’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

कीटकांबाबतही हेच. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एडिसच्या दोन व क्युलेक्सच्या एका जातीच्या डासांच्या शरीरात हा विषाणू थेट टोचला; तरीही तो वाढला नाही. याउलट २०२२ मध्ये महाराष्ट्रातील गोठ्यांवर कोसळलेला लम्पी चर्मरोग चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरणारा. तो माणसाला होत नाही. तरीही दुधावर संशय घेतला गेला. रोग वेगळा, वाहक वेगळा, अफवेचा साचा मात्र तोच.

म्हणून ‘लागण होत नाही’ हा निष्कर्षही ‘लागण होते’ याइतकाच मोलाचा मानला पाहिजे. नकारात्मक निष्कर्ष शोधपत्रिकेत पडून राहतो आणि अफवा बाजारात पोहोचते. त्याची किंमत उत्पादक मोजतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केलेली ‘अँकोव्हॅक्स’ ही प्राण्यांसाठीची कोविड लस जून २०२२ मध्ये आली; डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. देशाकडे क्षमता आहे, हे यातून दिसते. आता या क्षमतेला तीन कामे जोडावीत. मानवी साथ उद्भवताच गाय, म्हैस, शेळी, डुक्कर व कोंबडी यांची संवेदनशीलता तपासणारी चाचणी पहिल्या टप्प्यातच हाती घ्यावी. तिचा निष्कर्ष, तो कसाही असो, स्थानिक भाषांत तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत तत्काळ पोहोचवावा. आणि अफवेने बुडालेल्या उत्पादकाला रोगाने बुडालेल्या उत्पादकाप्रमाणेच भरपाईच्या कक्षेत आणावे.

विषाणू कोणत्या प्राण्यात शिरेल, हे प्रयोगशाळा सांगू शकते. ते तिने बाजाराच्या आधी सांगितले, तरच नवापूरच्या पोल्ट्रीला आणि बजबजच्या परसातील चार बदकांना त्याचा उपयोग.