पान कोमिदो

मेस्सीमुळे म्हणा किंवा मोबाइलवर भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमुळे म्हणा, आमच्या वर्गातल्या काही मुलांना सध्या स्पॅनिशचा नाद लागला आहे. सलामच्या जोडीला 'ओला' आलं, शुक्रियाच्या जोडीला 'ग्रासियास'. परवा मधल्या सुट्टीत एकाने फळ्यावर नवं वाक्य लिहिलं : 'एस पान कोमिदो'. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "पान कमी दो? कैकू कमी दो?" वर्ग पोट धरून हसला. हसलो आम्हीही, पण असा विषय हाती लागला की तो सोडवत नाही.

स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणजे पाव आणि 'कोमिदो' म्हणजे खाल्लेला. 'एस' म्हणजे आहे. एखादं काम अगदी सोपं असलं की स्पॅनिश बोलणारा माणूस सहज म्हणून जातो, 'हा तर खाल्लेला पाव आहे.' परीक्षा सोपी असेल तर 'एल एक्सामेन एस पान कोमिदो'. दहावीच्या मुलांसाठी एक सांगून ठेवतो : 'कोमिदो' हे आपल्या 'खाल्लेला'सारखंच धातुसाधित विशेषण आहे, आणि 'पान' तिकडे पुल्लिंगी आहे म्हणून 'कोमिदो'. आपल्या पावाचंही तसंच. भाकरी असती तर 'खाल्लेली' म्हणावं लागलं असतं.

या 'पान'शी आपलं नातं जुनं आहे. पाव हा शब्द पायाने कणीक तुडवतात म्हणून पडला, असं अजूनही लोक सांगतात. ती नुसती दंतकथा. पोर्तुगीज लोक गोव्यात आले, त्यांच्या भाषेत पावाला 'पाँव'च्या जवळ जाणारा शब्द आहे, त्याचा आपण पाव केला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या दोन लेकी. दोघींनी आईकडून 'पानिस' हा शब्द घेतला आणि आपापल्या तोंडाने बोलल्या. म्हणजे मुलांच्या डब्यात जे रोज असतं, तेच फळ्यावर होतं. चावी आणि पगार हेही शब्द त्याच वाटेने आपल्या घरात आले आहेत.

पण पाव खाल्लेलाच का? बनवलेला, भाजलेला का नाही? कारण खाल्लेल्या पावाबाबत करायचं काही उरत नाही. दळण झालं, कणीक मळून झाली, भट्टी पेटली, पाव आला, पोटात गेला. काम संपल्यावर ते सोपं असतंच.

सोपेपणा दाखवायला प्रत्येक भाषेला जवळची वस्तू लागते. इंग्रजीने केकचा तुकडा घेतला. जपानीत सोप्या कामाला 'न्याहारीच्या आधीचं' म्हणतात, म्हणजे रिकाम्या पोटीही उरकेल असं. फारसीत 'पाणी पिण्यासारखं' म्हणतात. हे आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, ते लोक आपल्या गल्लीत राहत नसतील." खरं आहे. जायकवाडी इथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि या शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांनी वर्षानुवर्षं नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे. पाणी पिणं सोपं, असं आपल्याकडच्या आईला कुणी सांगून पाहावं.

आता आपल्या दोन भाषांकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. उर्दूत सोपं काम म्हणजे 'बायें हाथ का खेल'. मराठीत तेच काम 'डाव्या हाताचा मळ' किंवा नुसता 'हातचा मळ' असतं. उर्दू माध्यमातला मुलगा मराठीच्या पेपरात 'डाव्या हाताचा खेळ' लिहितो, आणि गुण जातो. याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. 'हाथ का मैल' आपल्या घरांतही बोललं जातं, पण ते पैशाबद्दल : पैसा तो हाथ का मैल है, म्हणजे आज आहे उद्या नाही, त्याची पर्वा कशाला. मळ एकच. मराठीत तो हाताचा सराव सांगतो, उर्दूत पैशाची किंमत. दादीच्या तोंडून शंभरदा ऐकलेला अर्थ मुलाने पेपरात लिहिला तर त्याला अभ्यास न करणारा कसं म्हणायचं? त्याने तर घरचं ऐकलं होतं.

हे सगळं गमतीपुरतं नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्याच्या आधीही उर्दू शाळांत मराठी होतीच. पुढे पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण आहे, त्यात वाक्प्रचार आणि म्हणी आहेत. धावण्यात पहिला येणारा मुलगा तिथे दोन-चार वाक्प्रचारांवर अडतो तेव्हा त्याच्या घरी एक वर्ष आणखी लांबतं.

वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून शिकताच येत नाही, हे 'पान कोमिदो' दोन मिनिटांत पटवून देतो. आम्ही मुलांना अर्थ लगेच सांगितला नाही. विचारलं, 'खाल्लेला पाव' असं कोण, कुणाला, कधी म्हणेल? एकाला वाटलं, चोरी झाली म्हणून दुकानदार म्हणेल. दुसऱ्याला वाटलं, उष्टं आहे, नको, असं सांगायला. तिसरी म्हणाली, पाहुणा म्हणेल, मी जेवून आलोय. तिन्ही उत्तरं हुशारीची होती आणि तिन्ही चुकली. मग खरा अर्थ सांगितला, आणि आमची खात्री आहे की तो त्यांच्या डोक्यातून आता जाणार नाही. लगेच दुसरं काम दिलं : मराठीतला 'हातचा मळ' घ्या आणि तुमच्या घरातलं कुणीतरी तो कुणाला तरी म्हणतंय असं वाक्य करा. 'चाळीस पोळ्या लाटणं म्हणजे खालाच्या हातचा मळ.' 'पंक्चर काढणं म्हणजे अब्बूंच्या हातचा मळ.' गाइडचं पुस्तक पाठ करून हे येत नाही.

एका डावऱ्या मुलीने मात्र आम्हाला अडवलं. डाव्या हाताने काम सोपं, असं सगळेच म्हणतात, तर माझ्यासाठी वाक्प्रचार काय? जेवताना उजवा हात वापरायला ती शिकली आहे आणि तिला ते अजून जड जातं. आम्ही म्हटलं, तू 'उजव्या हाताचा मळ' म्हण, फक्त पेपरात लिहू नकोस.

तिच्या प्रश्नात मोठी गोष्ट आहे. सोपं कुणाला? स्पॅनिशमध्ये आणखी एक बोली आहे, 'कोसेर इ कांतार', शिवायचं आणि गायचं. तीसुद्धा अगदी सोप्या कामासाठी वापरतात. आपल्या मोहल्ल्यांत मशीनवर रात्री अकरापर्यंत नगावर कपडे शिवणाऱ्या बायका आहेत. त्यांना गाणं सुचत असेल तर अल्लाह त्यांना आणखी ताकद देवो, पण शिवण्याला सोपं म्हणणारा माणूस शिवणारा नसावा. पावाचंही तेच. आपली पाणचक्की पाहा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून हौदात पाडायचं, त्या जोरावर जातं फिरवायचं, आणि त्या पिठातून मुसाफिरांना, फकिरांना, तिथे शिकणाऱ्यांना रोटी मिळायची. रोटी खायला पाच मिनिटं. ते नळ पुरायला किती हात लागले असतील!

म्हणून पालकांशी आमचं थोडं भांडण आहे. "इतकं सोपं आहे, तुला येत कसं नाही?" हे वाक्य घराघरांत रोज म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण मूल त्यातून एवढंच शिकतं की आता विचारायचं नाही. तुमचा पाव तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी खाल्ला, त्याचं पीठ अजून भिजलेलंही नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई सातवीपर्यंत उर्दूत शिकलेल्या. मुलीचं मराठीचं पुस्तक उघडून म्हणतात, "चल, दोघी मिळून बघू." त्या कधी सोपं म्हणत नाहीत, कारण त्यांना ते सोपं नाहीच. मुलगी मराठीत वर्गात पुढे आहे.

जाता जाता आणखी एक शब्द. चाचणीच्या आदल्या दिवशी एक पोरगा छाती काढून म्हणाला, "पेपर पान कोमिदो!" शेजारचा म्हणाला, "इन्शाअल्लाह तो बोल." त्याला आम्ही सांगितलं की स्पॅनिशमध्ये तेही आहे. ७११ पासून १४९२ मध्ये ग्रनाडा हातातून जाईपर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिमांची सत्ता होती, आणि अरबीतले शब्द तिथल्या भाषेत आजही नांदतात. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, आणि स्पॅनिशमध्ये 'आसुकार'. 'असं झालं तर किती बरं' म्हणायला स्पॅनिश माणूस म्हणतो 'ओखाला'. हा शब्द अंदलूसच्या अरबीतून आला, अर्थ 'अल्लाहने इच्छिलं तर'. आज तो कुठल्याही धर्माचा माणूस बोलतो, बहुतेकांना उगम ठाऊकही नसतो. त्यातला 'ख' नुक्त्याचा, घशातून येणारा. उर्दू शिकलेल्या मुलांना तो पहिल्या दिवशी येतो. मेस्सीच्या भाषेत त्यांना तेवढा एक गुण फुकट.

या महिन्याचं काम : दादी-नानीला विचारा, त्यांच्या लहानपणी सोप्या कामाला घरात काय म्हणायचे. दखनीत असेल, बीड-परभणीकडचं असेल, कोकणातलं असेल, जसं बोलतात तसंच लिहा. अर्थाबरोबर ते कोण, कुणाला म्हणायचं हेही लिहा. पत्रं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मुलांच्या अक्षरातली आधी वाचू.