रुंद टायर आणि आमचे राहून गेलेले उत्तर



निकाल, स्नेहसंमेलन आणि क्रीडा-स्पर्धा यांचे अहवाल आतल्या पानांवर आहेतच. या वेळी आम्ही मोटारीच्या चाकांविषयी लिहिणार आहोत. प्राचार्यांना हा काय नवा नाद, असे काहींना वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतून बारावी होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या गाडीला बायपासजवळ अपघात झाला. गाडी घरचीच, साधी हॅचबॅक. मुलाने ती एका गॅरेजमध्ये नेऊन स्प्रिंगचे वेढे कापून खाली बसवून घेतली होती आणि मोठ्या रिमवर रुंद टायर चढवले होते. त्या संध्याकाळी मागच्या सीटवर तीन मित्र बसले. गतिरोधकावर गाडी दबली की मागच्या फेंडरची आतली कड टायरच्या बगलेवर घासायची. ती रोजच घासत होती, त्या दिवशी टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर गेली. एका मित्राचा हात मोडला, बाकीचे देवाच्या कृपेने वाचले. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती. आम्हाला पाहून उठली आणि एवढेच म्हणाली, "सर, हा तर शाळेत सगळं तुम्हालाच विचारायचा ना?"

हे वाक्य आम्हाला लागले, कारण ते खरे होते. हा मुलगा अकरावीत असताना आम्ही एकदा त्याच्या वर्गावर बदली तासाला गेलो होतो. धडा घर्षणाचा. पुस्तकात वाक्य होते की घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. त्याने हात वर केला आणि विचारले, "सर, मग स्पोर्ट्स कारला इतके रुंद टायर का लावतात?" वहीत त्याने जपानच्या माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या गाडीचे चित्र चिकटवले होते. खाली आणलेली, रुंद चाकांची गाडी. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे हेच वाक्य आम्ही हिंदीत पाठ केले होते आणि त्यावर पूर्ण गुणही मिळवले होते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला येत नव्हते. ते कबूल करायचे सोडून आम्ही म्हणालो, "हे परीक्षेत येणार नाही, पुढे चला." मुलाने मग उत्तर गॅरेजमध्ये शोधले.

उशिरा का होईना, ते उत्तर आज देत आहोत.

पुस्तकातला नियम लाकूड, धातू अशा कठीण वस्तूंना बराचसा लागू पडतो. रबराचे तसे नाही. रबरावर दाब वाढत गेला की त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. म्हणून तोच भार जास्त रुंदीवर वाटून दिला तर कोरड्या रस्त्यावर, वळणावर फायदा होतो. पण हा फायदा मुलांना वाटतो तेवढा सरळ नाही. एमएक्स-५ चेच गणित करू. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. वजन सुमारे ९५० किलो. चालक धरून १,००० किलो मानले तर एका चाकावर २५० किलो. टायरमधली हवा २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८ किलो. भागाकार केला तर प्रत्येक टायर रस्त्याला सुमारे १४० चौरस सेंटिमीटर टेकतो. पोस्टकार्डाहून जरासा मोठा तुकडा! आता टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. त्याचा आकार बदलतो, म्हणजे लांबी कमी होते आणि रुंदी वाढते. वळणाला हा आकार चांगला. पावसात मात्र रुंद टायरला समोरचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो पाण्यावर लवकर तरंगू लागतो.

आता ते टायर गाडीत मावते कसे, हे पाहू. मूळ टायर १८५/६० आर १४ होता. पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. या टायरचा पूर्ण व्यास येतो ५७७.६ मिलीमीटर. त्या जागी २०५/५० आर १५ घातला तर व्यास ५८६ होतो. फरक दीड टक्क्याचा. स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०१ ते १०२ ने धावत असेल. इथवर ठीक.

पण रिमवर आणखी एक आकडा असतो, ऑफसेट. रिमचा मध्य आणि रिम जिथे हबला टेकतो ती जागा, यांच्यातले हे अंतर. मूळ रिमचा ऑफसेट ४५ होता. बाजारातला २५ ऑफसेटचा रिम घेतला तर चाकाचा मध्य २० मिलीमीटर बाहेर येतो. टायर दोन्ही बाजूंनी १० मिलीमीटर वाढला आहे. म्हणजे टायरची बाहेरची कड ३० मिलीमीटर बाहेर आली. त्यात गाडी ३० मिलीमीटर खाली आणली की चाक फेंडरमध्ये तेवढेच वर सरकते. आता फेंडरची कड आणि टायर समोरासमोर आले. हाच रिम ३५ ऑफसेटचा घेतला असता तर कड २० मिलीमीटरच बाहेर आली असती. ही बेरीज सातवीतल्या मुलालाही येते. त्या गॅरेजमध्ये ती कोणी केली नाही.

तरीही हौशी मंडळींच्या एमएक्स-५ वर हे जुळते, त्याचे कारण गाडीच्या हाडात आहे. तिच्या चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन-दोन बाहू आहेत. गाडी खाली बसली की हे बाहू चाकाचा माथा थोडा आत झुकवतात आणि टायर फेंडरच्या आत शिरतो. फेंडरची कड आतून सपाट केली, सस्पेन्शन नीट निवडले, अलाइनमेंट पुन्हा केले, की काम भागते.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे एकसंध टॉर्शन बीम असतो. गाडी खाली आणली तरी चाक झुकत नाही, सरळ वर जाते आणि कडेवर आपटते. मागे तीन जण बसले की अंतर आणखी कमी होते. पुढच्या स्ट्रट सस्पेन्शनची तऱ्हा वेगळी. गाडी फार खाली आणली तर खालचे बाहू चाकाकडे वर चढलेले राहतात. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून तिचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती वळणावर कलते तो, जास्त खाली जातो. मग कमी कलावी म्हणून खाली आणलेली गाडी उलट जास्त कलू पाहते. कापलेली स्प्रिंग तर, चाक खड्ड्यात लोंबले की, आपल्या बैठकीतून सुटूही शकते. मुलाने चित्रातल्या गाडीचे रूप घेतले. हाडे मात्र आपल्याच गाडीची राहिली.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. हौस वाईट नाही. बेहिशेबी हौस वाईट. गाडीतला एक भाग बदलला की त्याला जोडलेल्या बाकी सगळ्या भागांचा जमाखर्च मांडावा लागतो, आणि ते शिकवणे हे शाळेचे काम आहे.

पालकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मालक बहुधा आपणच असता. दुसरी, टायर बदलायचाच तर कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांतूनच निवडावा आणि मापाच्या पुढचा भाराचा आकडाही पाहावा. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ आकड्याहून कमी नको. तिसरी, अठरा पूर्ण होण्याआधी मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. त्याने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीपेक्षा त्या बाकावर बसलेल्या आईची आठवण ठेवावी, असे आम्ही म्हणू.

विश्वस्त मंडळाला एक नम्र आग्रह. शाळेच्या मागच्या बाजूची जुनी कार्यशाळा कित्येक वर्षे कुलूपबंद आहे. ती खोली सामान ठेवायला द्यावी असा विचार चालू असल्याचे समजते. कृपया तसे करू नये. भंगार बाजारातून एक हब, एक स्ट्रट, दोन-चार रिम आणि टायर आणले आणि शनिवारी दोन तास दिले, तरी पुरे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत इंजिनिअर आहेत, गॅरेज चालवणारेही आहेत. बोलावले तर आनंदाने येतील. आपल्या इंदूरच्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. वळणावर गाडी कशी वागते, ओल्या रस्त्यावर टायर कसा धरतो, हे तिथे मोजून पाहतात. परवानगी मिळवून अकरावीची एक सहल तिकडे न्यावी, असेही आम्ही सुचवतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वहीत असले चित्र असेल तर लपवू नका. आमच्याकडे घेऊन या. सोबत तुमच्या गाडीच्या टायरवरचे आकडे आणि रिमचा ऑफसेट लिहून आणा. आपण फळ्यावर बेरीज मांडू. उत्तर आम्हाला आले नाही तर "येत नाही, शोधू या" असे म्हणू. एवढे आम्ही या वर्षी शिकलो.

तो मुलगा आता बरा आहे. गेल्या महिन्यात शाळेत आला होता. गाडीवर पुन्हा मूळ टायर बसवले आहेत, म्हणाला. जाताना त्याने कार्यशाळेची किल्ली कोणाकडे असते ते विचारले. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडत आहोत. त्याला उत्तर द्यायचे आहे.