अंगणातील भूछत्रे

शिरूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. निमोण्यासारख्या गावी पाऊस बेताचाच पडतो आणि उन्हाळ्यात माती भेगाळते. तरीही घरापुढे हौसेने लावलेल्या हिरवळीत एखाद्या सकाळी पांढऱ्या छत्र्या उभ्या दिसतात, तेव्हा घरातील ज्येष्ठांना नवल वाटते आणि काळजीही. या नवलाचे उत्तर बहुधा आपल्या हातातील पाण्याच्या नळीतच सापडते. रोज संध्याकाळी पाणी दिलेली हिरवळ रात्रभर ओली राहते. तिच्याखाली बांधकामाच्या वेळी गाडल्या गेलेल्या फळ्या, तोडलेल्या झाडाचे खोड किंवा अर्धवट कुजलेले शेणखत असेल, तर बुरशीला आणखी काही नको असते.

वर दिसणारी छत्री हे त्या बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर मातीत सुतासारखे पसरलेले असते. म्हणून छत्र्या उपटल्याने बुरशी संपत नाही आणि औषध फवारूनही फारसा उपयोग होत नाही. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तेथे तर फवारणीचा मोह टाळलेलाच बरा. मेलेले लाकूड कुजवून त्याची माती करणे हे या बुरशीचे काम आहे. गवताला तिच्यापासून सहसा अपाय नसतो.

अपाय होतो तो तोंडावाटे. आपल्या भाषेने खाण्याजोगीला ‘अळंबी’ आणि टाकाऊला ‘कुत्र्याची छत्री’ अशी नावे दिली खरी, पण नुसत्या डोळ्यांनी हा भेद करणे जाणत्यालाही साधत नाही. हिरवळीत उगवणारी एक मोठी पांढरी जात खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. ती जून झाल्यावर छत्रीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते. ती खाल्ल्यास एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या शरीरातील पाणी अशा वेळी झपाट्याने घटते. काही अन्य विषारी जातींचे वागणे अधिक कपटी असते. त्यांची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मध्यंतरी रुग्णाला बरे वाटते आणि तोवर यकृताचा नाश सुरू झालेला असतो. चांदीचे नाणे काळे पडते का पाहणे, किडे खातात म्हणून निर्धोक मानणे, शिजवल्याने विष जाते असे समजणे, या साऱ्या कसोट्या खोट्या आहेत. कोणी छत्री खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यावा. घरगुती उपायाने उलटी करवू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशी व्यक्ती आणि रांगते नातवंड, दोघेही दिसेल ते तोंडात घालतात. त्यांना अंगणात नेण्यापूर्वी हिरवळीवरून एक नजर फिरवावी. छत्र्या दिसताच हातमोजे घालून मुळाशी उपटाव्यात, पिशवीत बांधून टाकाव्यात व साबणाने हात धुवावेत.

पहाटे दवावर अनवाणी चालण्याची आवड अनेकांना असते. निरोगी माणसाने खुशाल चालावे. मधुमेहींनी मात्र पायांत काही घातल्याशिवाय गवतावर उतरू नये. बोटांच्या बेचक्यांत ओल राहून होणाऱ्या चिखल्या त्यांना फार त्रास देतात आणि बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. २०२१ साली महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा कहर पाहिला. त्या रोगाची बुरशी या छत्र्यांहून निराळी, पण तीही माती, पालापाचोळा व शेणखत यांतच असते. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांमुळे ती माणसाला बाधते. मातीकाम करताना बूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तेव्हा सांगितले होते. मधुमेहींनी ते आजही पाळावे.

आता हिरवळीविषयी. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दुपारपर्यंत पाती सुकतात. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर दिलेले चांगले. जुने खोड खणून काढावे, माती घट्ट झाली असेल तर पहारीने भोके पाडावीत आणि कापलेले गवत तेथेच साचू देऊ नये. खोदकाम अर्थातच तरुण हातांकडे सोपवावे. नवी हिरवळ करायची असेल, तर नाजूक विलायती गवतापेक्षा आपली हरळी बरी. ती थोडक्या पाण्यावर तग धरते. गोलाकार डागांनी गवतच पिवळे पडून मरत असेल, तर तो मात्र गवताचा रोग असू शकतो. तेथे आधी पाणी व युरिया कमी करून पाहावे, आणि डाग पसरतच राहिले तर गवताचा नमुना सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवावा.